मापाचा प्रामाणिक साक्षीदार
कॅलिपर कसे निवडावे, कसे पारखावे आणि कसे जपावे

मोजमापाचा संस्कार आपल्या घरांना नवा नाही. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हा हिशेब आपल्या आजी-पणजींना तोंडपाठ असे. सुतार इंचाचे आठ भाग करी आणि त्यांतील प्रत्येकास ‘सूत’ म्हणे. १९५६ साली वजनमापांचा नवा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धती देशभर रूढ झाली. तरीही दाराची फळी बसविताना ‘अजून दोन सूत घे’ हे शब्द आजही कानी पडतात. लाकूड मुळात क्षमाशील असते. थोडे अधिक-उणे झाले तर पाचर मारून वेळ निभावून नेता येते. पोलादापाशी मात्र ही सवलत नाही. तेथे केसाच्या जाडीचा फरकही संपूर्ण वस्तू भंगारात टाकावयास पुरेसा होतो.

हा विषय केवळ कारखानदारांचा आहे असे वाचकांनी समजू नये. बेळगावच्या उद्यमबागेत, बडोद्याच्या मकरपुऱ्यात, इंदूरच्या सांवेर रोडवर, हैदराबादच्या बालानगरात आपल्या मराठी घरांतील कितीतरी मुले, आणि आता मुलीही, यंत्रावर उभ्या राहून संसार चालवीत आहेत. ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे छोटेसे दुकान काढून आपल्या उद्योगाचा श्रीगणेशा केला, आणि ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन उभे राहिले, त्या गावांना हत्यारांचे महत्त्व निराळे सांगावयास नको. आय.टी.आय.मध्ये प्रवेश मिळालेल्या मुलासाठी, किंवा नव्याने लेथ घेतलेल्या धाकट्या भावासाठी घरातून जी पहिली मौल्यवान वस्तू विकत घेतली जाते, ती बहुधा कॅलिपर असते. दुकानात ओळीने मांडलेली, दिसण्यात सारखीच, परंतु किमतीत दसपट अंतर असलेली कॅलिपरे पाहून घरचे वडीलधारे गोंधळून जातात. त्यांच्यासाठी हा लेख.

हत्यार एक, जन्म अनेकदा

सरकत्या जबड्यांत वस्तू धरून तिचे माप घेण्याची कल्पना फार प्राचीन आहे. चीनमध्ये वांग मांगच्या अल्पकालीन राजवटीतील, इ. स. ९ सालचे, ब्राँझचे सरकते कॅलिपर उपलब्ध आहे. पण नुसत्या पट्टीवर डोळ्याला मिलिमीटरचा अर्धा, फार तर पाव भाग उमजतो. त्यापुढचा सूक्ष्म भाग वाचायचा कसा, हा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाला पहिले उत्तर पोर्तुगालच्या पेद्रो नुनेश या गणितज्ञाने १५४२ साली सुचविले. आकाशातील कोन सूक्ष्मतेने वाचण्यासाठी त्याने एकावर एक अशा अनेक वर्तुळाकार मापपट्ट्यांची योजना मांडली. गोमंतकीय वाचकांना या नुनेशविषयी आणखी एक गोष्ट जाणून कौतुक वाटेल. १५३८ साली लिस्बनहून गोव्यास निघालेला दों जुआंव द काश्त्रु हा त्याचा स्नेही. त्याने नुनेशचे एक छाया-यंत्र या सागरप्रवासात वापरून पाहिले. पुढे हाच काश्त्रु गोव्याचा गव्हर्नर आणि अखेरीस व्हाइसरॉय झाला.

नुनेशची योजना बुद्धिमान खरी, पण बनविण्यास अत्यंत किचकट. तिला सुटसुटीत रूप दिले ते फ्रान्श-कोंते प्रांतातील ओर्नां गावच्या प्येर व्हर्निये याने. १६३१ साली ब्रुसेल्स येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तिकेत त्याने मुख्य पट्टीशेजारी सरकणारी दुसरी लहान पट्टी सुचविली. तिचेच नाव आज ‘व्हर्नियर’ म्हणून जगभर चालते. खगोलशास्त्रज्ञांकडील ही युक्ती कारागिराच्या हाती पोहोचावयास मात्र दोन शतकांहून अधिक काळ लोटला. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरी जोसेफ ब्राउन याने १८५१ साली इंचाचा हजारावा भाग वाचणारे व्हर्नियर कॅलिपर सामान्य यंत्रकारागिराला परवडेल अशा रीतीने तयार केले, आणि तेव्हापासून हे हत्यार कारखान्याच्या खिशात आले.

युक्ती अशी आहे

व्हर्नियरची युक्ती कळली की अर्धी निवड आपोआप सोपी होते. मुख्य पट्टीवर एकेक मिलिमीटरच्या खुणा असतात. सरकत्या पट्टीवर ४९ मिलिमीटर लांबीचे ५० समान भाग केलेले असतात. म्हणजे तिचा प्रत्येक भाग ०.९८ मिलिमीटरचा. दोहोंतील फरक ०.०२ मिलिमीटर. हेच त्या कॅलिपरचे लघुतम माप. माप घेताना सरकत्या पट्टीचे शून्य मुख्य पट्टीवरील २३ च्या पुढे आले आहे, आणि सरकत्या पट्टीवरील सतरावी रेघ मुख्य पट्टीच्या कोणत्यातरी रेघेशी तंतोतंत जुळली आहे असे समजू. मग १७ गुणिले ०.०२, म्हणजे ०.३४. एकूण माप २३.३४ मिलिमीटर. लघुतम माप ०.१ वा ०.०५ मिलिमीटर असलेली कॅलिपरेही मिळतात. त्यांतील युक्ती हीच, केवळ भागांची संख्या वेगळी.

जबडे पूर्ण मिटल्यावर दोन्ही शून्ये जुळली पाहिजेत. ती न जुळता कॅलिपर ०.०४ दाखवीत असेल, तर ती शून्य-त्रुटी प्रत्येक मापातून वजा करावी लागते, वरील २३.३४ चे खरे माप मग २३.३० ठरते. शिकणाऱ्या मुलाने हा हिशेब अंगवळणी पाडून घ्यावा. जो व्हर्नियर वाचावयास शिकला तो पुढे कोणतेही मापनयंत्र समजून घेऊ शकतो.

तीन भावंडे

बाजारात आज तीन प्रकारची कॅलिपरे दिसतात. पहिले साधे व्हर्नियर. त्यात न घड्याळ, न विजेचा घट. तेल-पाणी, लोखंडाचा कीस यांना ते फारसे जुमानत नाही आणि नीट राखल्यास बापाकडून मुलाकडे जाते. त्याची अडचण एकच: बारीक रेघा वाचावयास चांगली दृष्टी आणि चांगला उजेड हवा. चाळिशी ओलांडलेल्या टर्नरला भिंग घ्यावे लागते.

दुसरे डायल कॅलिपर. यात सरकत्या भागावर घड्याळासारखी तबकडी असते आणि पट्टीतील बारीक दातेरी पट्टीवरून फिरणारे चाक तिचा काटा हलविते. वाचावयास हे फार सुखाचे. परंतु त्या बारीक दात्यांत धातूचा कीस अडकला, अथवा कॅलिपर हातातून खाली पडले, की काटा एखादा दाता ओलांडतो आणि शून्य जागेवरून हलते. म्हणून लोखंडी किसाच्या पसाऱ्यापेक्षा स्वच्छ मेजावर ते अधिक शोभते.

तिसरे डिजिटल. काचेखाली आकडे, शून्य कोठेही लावण्याची सोय, आणि एका बटणाने मिलिमीटरचे इंच. आजच्या तरुणांची पसंती याला आहे, आणि ती अकारण नाही. मात्र स्वस्तातील डिजिटल कॅलिपरे तेल-पाण्याने बिथरतात आणि बंद असतानाही घट संपवितात. शीतक द्रव उडत असलेल्या यंत्रावर वापरावयाचे असेल तर आय.पी. ६७ या दर्जाचे, म्हणजे धूळ व पाणी आत जाऊ न देणारे कॅलिपरच घ्यावे. घट बदलताना चांदीच्या ऑक्साइडचा घ्यावा. त्याचा दाब अखेरपर्यंत स्थिर राहतो. साध्या अल्कलाइन घटाचा दाब हळूहळू उतरत जातो आणि घट मरावयास टेकला की आकडे लुकलुकू लागतात.

आकड्यांचा मोह

येथे एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे, कारण ग्राहकाची फसगत बहुधा येथेच होते. डिजिटल कॅलिपर ०.०१ मिलिमीटरपर्यंत आकडा दाखविते. दुकानदार सांगतो, ‘साहेब, शंभराव्या भागापर्यंत अचूक.’ पण किती बारीक आकडा दिसतो आणि तो आकडा किती खरा असतो, या दोन भिन्न गोष्टी आहेत. चांगल्या कंपनीच्या दीडशे मिलिमीटर कॅलिपरच्या माहितीपत्रकातही अचूकता ‘अधिक-उणे ०.०२ मिलिमीटर’ अशी दिलेली असते. म्हणजे काचेवर २५.०१ दिसले तर खरी वस्तू २४.९९ ते २५.०३ यांच्यामध्ये कोठेही असू शकते. सेकंदकाटा असलेले घड्याळ पाच मिनिटे पुढे असू शकते, तसाच हा प्रकार.

याचा व्यवहारातील परिणाम पाहा. पाण्याच्या पंपापासून मोटारीपर्यंत सर्वत्र आढळणारे ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग घेऊ. त्याचे आतले भोक २५ मिलिमीटरचे. त्यात बसणाऱ्या शाफ्टवर नकाशात ‘२५ के ६’ असे लिहिलेले असेल, तर शाफ्ट २५.००२ ते २५.०१५ मिलिमीटर या मर्यादेत हवा. एकूण मोकळीक अवघी १३ मायक्रॉन, आणि कॅलिपरची स्वतःचीच चूक २० मायक्रॉनपर्यंत जाऊ शकते. अशा कामाचा निवाडा कॅलिपरने करणे म्हणजे भाजीच्या तराजूत सोने तोलणे होय. येथे मायक्रोमीटरच हवा. कारखान्यांतील जुना दंडक असा की, मोजावयाच्या मोकळिकीच्या दहाव्या भागाइतकीच चूक करणारे हत्यार घ्यावे. अगदी नाइलाज असेल तर चौथ्या भागापर्यंत चालवून घ्यावे. हा एक नियम पाठ असला तर निम्मा खर्च आणि निम्मा मनस्ताप वाचतो. समजा, पाचशे शाफ्टांची मागणी आली, मुलाने कॅलिपरच्या भरवशावर माल पाठविला आणि तपासणीत तो परत आला, तर वाया गेलेले पोलाद, मजुरी आणि गमावलेला विश्वास यांची किंमत त्या मायक्रोमीटरच्या कितीतरी पट होईल.

कॅलिपरपेक्षा मायक्रोमीटर अधिक विश्वासार्ह का, याचे कारण जर्मनीतील येना येथील शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे याने १८९० साली स्पष्ट केले. ज्या रेषेत वस्तू मोजली जाते त्याच रेषेत मोजपट्टी असावी, हे त्याचे तत्त्व. मायक्रोमीटर ते पाळतो. कॅलिपरची पट्टी मात्र वस्तूच्या वर, बाजूला असते; त्यामुळे जबडा किंचित कलला तरी माप बिघडते. म्हणूनच वस्तू जबड्यांच्या टोकाशी न धरता शक्य तितकी पट्टीच्या जवळ धरावी असे जाणते कारागीर सांगतात. त्यांना आबेचे नाव ठाऊक नसेल; तत्त्व ठाऊक असते.

अमेरिकेतील एक उदाहरण

कामानुसार हत्यार कसे निवडावे याचे एक बोलके उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेत नेमबाजी आणि शिकार यांचा छंद असलेले पुष्कळ लोक एकदा झाडलेल्या काडतुसाचे पितळी कवच जपून ठेवतात आणि घरच्या मेजावर ते पुन्हा भरतात. जुनी टोपी काढणे, कवच साच्यातून दाबून पूर्ववत करणे, नवी टोपी, मोजून दारू आणि शेवटी गोळी बसविणे असा हा क्रम. दारूचे वजन तराजूवर होते. पण बाकी साऱ्या मापांसाठी त्यांच्या हाती कॅलिपर असते, बहुधा सहा इंची आणि इंचाचा हजारावा भाग दाखविणारे. आपल्याकडील जुने टर्नर ज्याला ‘थाऊ’ म्हणतात तोच हा हजारावा भाग, मिलिमीटरमध्ये ०.०२५४.

येथे मापातील चूक केवळ माल वाया घालवीत नाही. बार उडाला की पितळी कवच थोडे लांब होते. ‘.३०८ विंचेस्टर’ या प्रसिद्ध काडतुसाच्या कवचाची कमाल लांबी २.०१५ इंच, म्हणजे ५१.१८ मिलिमीटर, ठरलेली आहे. ती ओलांडली तर कवचाचे तोंड बंदुकीच्या नळीच्या सुरुवातीस अडकून गोळीभोवती आवळले जाते, दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढतो, आणि बंदूक व नेमबाज दोघांच्याही जिवावर बेतते. म्हणून ती कवचे कापून २.००५ इंचांवर आणतात. या दोन आकड्यांमध्ये दहा थाऊंचे अंतर आहे, आणि चांगले कॅलिपर सुमारे एक थाऊपर्यंत खरे असते. वर सांगितलेला दहाव्या भागाचा दंडक येथे बरोबर पाळला जातो. म्हणून या कामाला कॅलिपर पुरेसे ठरते. उलट, कवचाच्या मानेची जाडी अर्ध्या थाऊच्या फरकाने पारखावयाची असेल तर तोच मनुष्य कॅलिपर खाली ठेवतो आणि मायक्रोमीटर उचलतो.

भरलेल्या काडतुसाची एकूण लांबी मोजणेही वाटते तितके सरळ नाही. ‘.३०८ विंचेस्टर’साठी ती २.८१० इंचांच्या आत हवी. पण शिशाच्या मऊ टोकाच्या गोळ्यांची टोके एकसारखी नसतात. दोन काडतुसे अगदी सारखी बसविलेली असूनही टोकापर्यंत मोजल्यास काही थाऊंचा फरक दिसतो. म्हणून चोखंदळ मंडळी कॅलिपरच्या जबड्याला एक लहान भोकाचा तुकडा जोडतात आणि टोक सोडून गोळीच्या वळणदार खांद्यापर्यंतचे अंतर मोजतात. एक काडतूस प्रमाण मानून तेथे शून्य लावायचे आणि बाकीची त्याच्याशी तुलना करून पाहायची, या कामात डिजिटल कॅलिपर फार उपयोगी पडते. ‘इंच’ आणि ‘मिलिमीटर’ यांचे बटण चुकून दाबले गेले नाही ना, शून्य हलले नाही ना, हे मात्र ते पुनःपुन्हा पाहतात. विजेच्या घटाची कटकट नको असणारे तेथे डायल कॅलिपर पसंत करतात. मेज स्वच्छ असल्याने किसाची भीती नसते.

आपल्याकडे हा छंद नाही आणि नसावाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनविण्यास परवाना लागतो. हे काम येथे खडकी व वरणगाव येथील सरकारी कारखान्यांत चालते. खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीकडे आहेत. आपण या उदाहरणातून घ्यावयाचा तो धडा एवढाच की, आधी कामाची मोकळीक पाहावी, मग हत्यार ठरवावे.

शस्त्रांच्या कारखान्यांचे मापनशास्त्रावर आणखी एक मोठे ऋण आहे. स्वीडनमधील एस्किल्स्तुना येथील बंदुकांच्या सरकारी कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहानसन याने जर्मनीतील माउझर कारखान्यात प्रत्येक मापासाठी ठेवलेल्या मापठोकळ्यांचे ढीग पाहिले. एकेका मापासाठी एकेक ठोकळा ठेवण्याऐवजी थोडेच ठोकळे एकमेकांना चिकटवून हजारो मापे तयार करता येतील, ही कल्पना त्याने १८९६ साली प्रत्यक्षात आणली. त्याच्या संचात १०२ ठोकळे होते. ‘गेज ब्लॉक’ या नावाने तेच ठोकळे आज जगभर कॅलिपरची परीक्षा घेतात.

दुकानात घ्यावयाची परीक्षा

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. घरगुती व शिकाऊ कामास दीडशे मिलिमीटरचे कॅलिपर पुरते. त्याहून लांब घेतल्यास वजन वाढते आणि चूकही. पट्टी कठीण केलेल्या न गंजणाऱ्या पोलादाची असावी. बाहेरचे जबडे, आतील मापाचे लहान जबडे, खोली मोजणारी काडी आणि पकडस्क्रू ही चार अंगे असावीत. व्हर्नियर घ्यावयाचे असेल तर त्यावर भारतीय मानक आय.एस. ३६५१ चा उल्लेख आहे का ते पाहावे. मितुतोयो या १९३४ पासून चालत आलेल्या जपानी कंपनीच्या नावाची नक्कल बाजारात येते. म्हणून रस्त्यावरील स्वस्त माल टाळून अधिकृत विक्रेत्याकडून, पावती घेऊनच अशी खरेदी करावी.

मग हत्यार हातात घ्यावे आणि कसलाही संकोच न बाळगता पुढील परीक्षा कराव्यात.

पहिली उजेडाची. जबडे पुसून अलगद मिटावे आणि दिव्याकडे धरावे. जबड्यांमधून उजेडाची रेघ दिसता कामा नये. काही मायक्रॉनांची फटही डोळ्याला उजेडामुळे कळते. टोकाशी उजेड आणि मुळाशी अंधार असेल तर ते कॅलिपर घेऊ नये.

दुसरी चालीची. सरकता भाग संपूर्ण लांबीवर एकसारखा, न अडखळता सरकला पाहिजे आणि कोठेही डुगडुगता कामा नये. पकडस्क्रू आवळल्यावर आकडा बदलू नये.

तिसरी पुनरावृत्तीची. एकच वस्तू दहा वेळा मोजावी. चांगले कॅलिपर दहाही वेळा जवळजवळ तोच आकडा देईल. जे दर खेपेस निराळे बोलते त्यावर भरवसा ठेवू नये.

चौथी खऱ्या मापाची. दुकानात गेज ब्लॉक असेल तर उत्तम. नसेल तर चांगल्या कंपनीचे नवे ६२०५ बेअरिंग बरोबर न्यावे. त्याचा बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर, आणि तो उणे १३ मायक्रॉनपर्यंतच कमी असू शकतो. कॅलिपरने ५१.९८ ते ५२.०२ यांच्यामध्ये दाखविले तर ते प्रामाणिक समजावे; ५१.९४ वा ५२.०६ दाखविले तर परत करावे. आतील जबड्यांची परीक्षा त्याच बेअरिंगच्या २५ मिलिमीटर भोकात करावी. बेअरिंगची रुंदी मात्र या कामी वापरू नये. तिला कारखान्याने दिलेली मोकळीक पुष्कळ अधिक असते.

जुने कॅलिपर घेताना पाचवी परीक्षा जोडावी. एक बारीक, सरळ पोलादी पिन प्रथम जबड्यांच्या मुळाशी आणि मग टोकाशी धरून मोजावी. दोन्ही आकडे भिन्न आले तर जबडे झिजले आहेत. मधल्या भागावरून वर्षानुवर्षे वस्तू घासल्याने तेथे खाच पडलेली असते. ती डोळ्यास दिसत नसली तरी पिनेस कळते.

ज्यांना माल मोठ्या कारखान्यास पुरवावयाचा आहे त्यांनी कॅलिपर वर्षातून एकदा एन.ए.बी.एल.ची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून तपासून प्रमाणपत्र घ्यावे. त्या प्रमाणपत्रामुळे आपल्या हातातील माप दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेशी आणि तिच्यामार्फत जगाच्या मीटरशी जोडले जाते. तो मीटर आता धातूच्या दांडीवर अवलंबून नाही. १९८३ पासून तो प्रकाशाच्या वेगावरून ठरलेला आहे.

हात, हवा आणि काळजी

उत्तम हत्यारही अडाणी हातात खोटे बोलते. जबडे जोराने दाबल्यास ते किंचित वाकतात आणि माप कमी येते. म्हणून पेन धरावे तेवढ्याच बळाने धरावे. लहान भोके मोजताना आतील जबड्यांच्या चपट्या कडांमुळे माप खऱ्यापेक्षा थोडे कमीच येते. अशा जागी पिन-गेज वापरणे बरे. फिरत्या जॉबवर कॅलिपर कदापि लावू नये. त्याने जबडे झिजतात ते झिजतातच, बोटेही जाण्याचा धोका असतो.

हवामानाचाही विचार हवा. मापांचे जागतिक प्रमाण २० अंश सेल्सिअस तापमानाला धरले जाते. पोलाद आणि पोलादी कॅलिपर दोन्ही एकाच खोलीत असतील तर दोन्ही सारखीच प्रसरण पावतात आणि चूक फिटून जाते. ॲल्युमिनियम मात्र पोलादाच्या दुपटीने प्रसरण पावते. वैशाखात शेडमध्ये ३५ अंश असताना शंभर मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा तुकडा पोलादी कॅलिपरवर सुमारे ०.०१७ मिलिमीटर अधिक दिसतो. लेथवरून नुकताच उतरलेला, हाताला चटका देणारा जॉब मोजून ‘माप बरोबर’ म्हणणे तर निव्वळ आत्मवंचना होय. तो थंड होऊ द्यावा.

काम झाल्यावर कॅलिपर पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून, जबडे किंचित उघडे ठेवून आणि पकडस्क्रू सैल करून डबीत ठेवावे. कानस, हातोडी यांच्या गर्दीत ते टाकू नये. जबड्यांच्या टोकांनी रेघा ओढणे, पाना म्हणून वापरणे, चुंबकी तक्त्यावर ठेवणे ही सारी लक्षणे हत्यारावर प्रेम नसल्याची. डिजिटल असेल आणि महिनोन्‌महिने वापर होणार नसेल तर घट काढून ठेवावा.

मग घ्यावे कोणते?

शिकणाऱ्या मुलासाठी ०.०२ मिलिमीटर लघुतम मापाचे चांगल्या कंपनीचे साधे व्हर्नियर घ्यावे. त्याच किमतीत मिळणाऱ्या अनोळखी डिजिटलच्या मोहात पडू नये. यंत्रावर रोज उभे राहणाऱ्यासाठी, ऐपत असेल तर पाणी-तेलापासून सुरक्षित असे डिजिटल. स्वच्छ मेजावर बारीक काम करणाऱ्यासाठी, घड्याळजी असो वा आदर्श-नमुने बनविणारा छंदिष्ट असो, डायल कॅलिपरही शोभते. घरात अधूनमधून स्क्रू, नळ, काचेची जाडी मोजावयाची असेल तर महागड्या हत्याराची मुळीच आवश्यकता नाही, ०.०५ मिलिमीटरचे साधे व्हर्नियर पिढीभर पुरेल. आणि ज्याच्या कामाची मोकळीक पन्नास मायक्रॉनांच्या आत आहे त्याने कॅलिपरवर अधिक पैसे खर्चण्याऐवजी एक चांगला मायक्रोमीटर जोडीला घ्यावा.

ही निवड करताना मुलाला बरोबर न्यावे, आणि परीक्षा त्याच्याच हातून करवून घ्याव्यात. पहिल्याच दिवशी त्याला एवढे कळले पाहिजे की, काचेवरील आकडा म्हणजे सत्य नव्हे. तो एका साक्षीदाराचा जबाब आहे, आणि साक्षीदाराची उलटतपासणी अधूनमधून करावीच लागते. ही सवय ज्या कारागिरास लागली त्याचा माल सहसा परत येत नाही.